सायरन वाजला, निरोप गेला नाही: सराफ्यातल्या एका पॅनेलचं प्रकरण

इंदूरच्या सराफ्यात एकाच ओट्यावर दोन बाजार चालतात. दिवसा सोन्याचांदीचा, आणि रात्री साडेआठ-नऊला शटर खाली आली की खाण्याचा. जानेवारीत एका कढईत गराडू नावाचा कंद, शेजारी भुट्ट्याचा कीस, पलीकडे खोपरा पॅटिस, आणि गर्दी रात्री दोनपर्यंत. जुने सराफ सांगतात की ओट्यावर खाण्याची दुकानं मांडू दिली यात त्यांचाच स्वार्थ होता. शेकडो माणसं समोर उभी राहून खात असताना कुलपाला हात लावायची कोणाची छाती आहे? मला ते पटतं. पण रात्री दोन ते सकाळी सहा हे चार तास उरतात, आणि माझं पोट त्या चार तासांवर चालतं. मी अलार्म बसवतो आणि त्यांचं प्रोग्रामिंग करतो.

हे प्रकरण १७ जानेवारीच्या पहाटेचं आहे. चोरी झाली नाही, कोणाचं काही गेलं नाही. तरी लिहितोय, कारण चूक माझी होती, आणि ती अशी होती की केली त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

दुकान तीन पिढ्यांचं, मराठी घराण्याचं. मालकांना सगळा सराफा तात्या म्हणतो, मीही म्हणतो. आत आठ झोनचं, म्हणजे आठ जागांवर नजर ठेवणारं पॅनेल (अलार्मची मुख्य पेटी): शटरला मॅग्नेट, तिजोरीच्या दाराला कंपन ओळखणारा सेन्सर, काउंटरच्या हॉलमध्ये पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर, गादीखाली पायाने दाबायचं बटण, असं नेहमीचं. पॅनेल निरोप पाठवतं तो परगावच्या निगराणी केंद्राला. तिथे चोवीस तास माणसं बसलेली असतात. निरोप आला की ती आधी मालकाला फोन करतात, मग पोलिसांना. तात्या त्याचे वर्षाचे पैसे भरतात.

त्या पहाटे पावणेचारच्या सुमाराला चौकीदाराने हूटर ऐकला. चार मिनिटं वाजून तो आपोआप थांबला, तेवढाच वेळ मी लावलेला. तो वाजत असतानाच चौकीदाराने शटरवर रंगवलेला नंबर बॅटरीच्या उजेडात वाचला आणि तात्यांना फोन लावला. तात्यांच्या मोबाइलवर तो ३:४३ ला आलेला दिसतो. मफलर गुंडाळून, स्कूटर काढून तात्या लोकमान्य नगरातून पोचले. शटर शाबूत, कुलपं शाबूत, तिजोरी शाबूत. हॉलमधल्या कपाटाच्या माथ्यावर उंदराच्या लेंड्या, आणि शेजारी अर्धवट कुरतडलेला गराडूचा तुकडा. तो माथा पीआयआरपासून जेमतेम हातभर. लांबून उंदीर पळाला तर सेन्सर त्याला मोजत नाही. नाकासमोरून गेला तर त्याच्या लेखी तो माणूसच.

उंदराने तात्यांचं काही नेलं नाही, पण मला उघडं पाडलं. केंद्रातून फोन आलाच नव्हता. तात्यांनी स्वतःहून सकाळी सात वाजता केंद्राला विचारलं, तर तिकडून उत्तर आलं, "तुमच्याकडून रात्री काहीच आलेलं नाही."

मी पोचायच्या आधी दुकानात वेगळंच नाटक सुरू झालं होतं. तात्यांच्या पुतण्याने कीपॅडवर पॅनेलचा लॉग उघडला होता. तो मला फोनवर म्हणाला, "काका, लॉग म्हणतोय काल अलार्म दुपारी तीन वाजून सहा मिनिटांनी लावला. यूजर तीन. आणि घंटा रात्री दहा बाराला वाजली."

यूजर तीन म्हणजे मुनीमजी. सव्वीस वर्षं या पेढीवर. दुपारी तीनला अलार्म लावून दुकान उघडंच ठेवलं होतं का? आणि रात्री दहा बाराला सगळा सराफा ओट्यावर उभा असताना चार मिनिटांचा हूटर एकालाही ऐकू गेला नाही? मुनीमजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, चेहरा पडलेला. मला बघितल्यावर एवढंच म्हणाले, "भिया, मैंने तो साढ़े आठ के बाद ही लगाया. तीन बजे तो गिराक बैठे थे." तात्या काही बोलत नव्हते, आणि तात्या बोलत नसले की ते बोलण्यापेक्षा वाईट असतं.

मी कीपॅडसमोर उभा राहिलो. मोबाइलमध्ये ९:२५. कीपॅडवर ३:५६. आणि कीपॅडच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे पिवळा ट्रबलचा दिवा असतो, तिथे वायरीला गुंडाळतात त्या काळ्या टेपचा नखाएवढा चौकोन चिकटवलेला. टेपच्या कडेने उजेडाची पिवळी रेघ दिसत होती. खाली दिवा जळत होता.

नऊ पंचवीसमधून साडेपाच तास वजा केले की तीन पंचावन्न होतात. ते घड्याळ ग्रीनिचचं होतं. आणि ते २ डिसेंबरला मीच लावलं होतं. "मुनीमजींनी अलार्म रात्री आठ पस्तीसला लावलाय, आणि घंटा पहाटे तीन एक्केचाळीसला वाजली," मी तात्यांना सांगितलं. "लॉगच्या वेळेत साडेपाच तास मिळवा आणि वर सव्वा मिनिट कमी करा." मुनीमजी उठून चहा सांगायला गेले. तो चहा मला गोड लागला नाही, कारण सव्वा मिनिटाचं गणित तेवढ्यात माझ्या डोक्यात सुरू झालं होतं.

डिसेंबरात काय केलं होतं

नोव्हेंबरपर्यंत हे पॅनेल तांब्याच्या टेलिफोन लाइनवरून बोलत असे. भाषा काँटॅक्ट आयडी. आमच्या धंद्यातली जुनी, साधी, खणखणीत भाषा, फोनची बटणं दाबल्यावर ऐकू येतात त्याच सुरांत बोलली जाणारी. पॅनेल नंबर फिरवतं, केंद्राचं यंत्र १४०० आणि मग २३०० हर्ट्झचा सूर देतं, म्हणजे "बोल". पॅनेल सोळा आकडे ओततं, दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. बरोबर पोचले तर तिकडून परत १४०० चा लांब सूर येतो. त्याला आम्ही किसऑफ म्हणतो. तो आला नाही तर पॅनेल पुन्हा तेच आकडे म्हणतं.

त्या रात्रीचा निरोप या भाषेत असा झाला असता. दुकानाचा अकाउंट नंबर आपण ४१२७ धरू:

४१२७ १८ ११३० ०१ ००३ ३

४१२७ कोण बोलतंय ते. १८ म्हणजे हा काँटॅक्ट आयडी आहे. ११३० मधला पहिला १ सांगतो की घटना नवी आहे; तिथे ३ असता तर "पूर्ववत झालं" असा अर्थ. १३० म्हणजे घरफोडी. ०१ विभाग, ००३ झोन, म्हणजे हॉलमधला पीआयआर. शेवटचा ३ हा पडताळा. सगळ्या आकड्यांची बेरीज पंधराच्या पटीत यावी लागते, आणि त्या बेरजेत शून्याला दहा धरतात. करून बघा: पडताळ्याआधी ७२ येतात, ३ मिळवून ७५. नव्या पोराला हे काम शिकवताना मी हीच बेरीज कागदावर घालायला लावतो. शून्य म्हणजे दहा हे एकदा हाताखालून गेलं की जन्मभर विसरत नाही.

नोव्हेंबरात गल्लीत फायबर आलं आणि तात्यांनी तांब्याची लाइन परत करून टाकली. फायबरच्या डब्याला फोनची पिन असते, पण तिथून जाणारा आवाज आकड्यांत मोडून, पुष्कळदा आवळून पाठवतात. माणसाच्या बोलण्याला ते चालतं, पॅनेलचे सूर मात्र त्यात विस्कटू शकतात. शिवाय लाइट गेली की डबाच बंद. केंद्राने सांगितलं, आता आयपीवर, म्हणजे इंटरनेटवर या, एसआयए डीसी-०९ ही निरोपाची पद्धत लावा, आणि एन्क्रिप्शन, म्हणजे निरोप गुप्त लिपीत बदलणं, सक्तीचं.

डीसी-०९ मध्ये काँटॅक्ट आयडीचाच मजकूर इंटरनेटच्या पाकिटात घालून जातो. एन्क्रिप्शन लावायचं तर दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली हवी, १२८ बिटांची असेल तर बत्तीस अक्षरांची. कीपॅडच्या छोट्या पडद्यावर बत्तीस अक्षरं भरणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. आठच्या जागी बी गेला की संपलं, आणि चूक कुठे झाली ते पॅनेल सांगत नाही. त्या दिवशी मी नऊ दुकानं बदलत होतो. तात्यांचं पाचवं.

किल्ली बरोबर भरली. केंद्राचा आयपी पत्ता भरला, पोर्ट भरला, टेस्ट पाठवली. नाकारली. पुन्हा पाठवली, पुन्हा नकार. उत्तर येत होतं, म्हणजे रस्ता मोकळा होता. पण ते "मिळालं" असं नव्हतं, "नको" असं होतं.

कारण मला माहीत होतं. एन्क्रिप्शन असलेल्या डीसी-०९ निरोपात वेळेचा शिक्का लागतो, आणि तो जीएमटीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत. कोणी जुना निरोप पकडून ठेवून नंतर पुन्हा पाठवू नये म्हणून केंद्राचं यंत्र शिक्का आपल्या घड्याळाशी ताडून बघतं. चाळीस सेकंद मागे किंवा वीस सेकंद पुढे, एवढीच सूट. त्याबाहेर गेला की नकार, आणि नकारासोबत केंद्र आपली वेळ कळवतं. काही पॅनेलं त्यावरून स्वतःचं घड्याळ सुधारून घेतात. हे पॅनेल घेत नाही. तात्यांचं घड्याळ भारतीय वेळेवर आणि टाइमझोनच्या खान्यात शून्य, म्हणजे शिक्का साडेपाच तास पुढचा. केंद्राच्या दृष्टीने हा निरोप भविष्यातून आलेला होता.

याचं खरं उत्तर होतं की टाइमझोन भरायचा आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळवायला एनटीपी चालू करायचं. मी केलं. पॅनेल म्हणालं, टाइम सर्व्हर सापडत नाही. तेव्हा सव्वापाच वाजले होते, पुढची चार दुकानं आठच्या आत उरकायची होती. मी टाइमझोन परत शून्य केला आणि हाताने घड्याळ ग्रीनिचवर लावलं, मोबाइलमध्ये बघून, सेकंदासकट. टेस्ट पाठवली. केंद्रातला मुलगा फोनवर म्हणाला, "आला." मी धाकट्याला, म्हणजे तात्यांच्या मुलाला, सांगितलं, "कीपॅडवर वेळ चुकीची दिसेल. त्याला हात लावू नका." आणि निघालो.

टाइम सर्व्हर का सापडला नाही, ते जानेवारीत कळलं. राउटरमध्ये पत्ता पक्का राहावा म्हणून मी पॅनेलचा आयपी हाताने भरला होता. तसं केलं की डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, तोही हातानेच भरावा लागतो, आणि तो खाना रिकामा राहिला. केंद्राचा पत्ता आकड्यांत असल्यामुळे त्याला डीएनएसची गरज पडली नाही, ते काम चाललं. टाइम सर्व्हर मात्र नावाने दिलेला होता, आणि नावाचा पत्ता विचारायला पॅनेलला कोणीच नव्हतं. चार आकड्यांचा एक खाना. तो भरला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

बारा दिवसांचं आयुष्य

पॅनेलमधलं घड्याळ एका स्फटिकावर चालतं. स्वस्त स्फटिक दहा लाखांत वीस भाग इकडेतिकडे झाला तरी त्याला कोणी वाईट म्हणत नाही. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्याचे दहा लाखांत वीस भाग म्हणजे १.७ सेकंद. भिंतीवरचं घड्याळ रोज पावणेदोन सेकंद पुढे गेलं तर सहा महिने कोणाच्या लक्षात येत नाही. इथे मात्र पुढे जायची परवानगी वीस सेकंदांची होती.

१७ जानेवारीला मी मोबाइल शेजारी धरून मोजलं. पॅनेल एक मिनिट अठरा सेकंद पुढे होतं. ७८ सेकंद, ४६ दिवसांत. रोजचे बरोबर १.७. म्हणजे वीस सेकंदांची सूट संपायला बारा दिवस. केंद्राला विचारलं, शेवटची रोजची टेस्ट कधी आली? १४ डिसेंबर, सकाळी. पंधरापासून एकही नाही.

मला हे गणित इतकं नेमकं जुळलेलं बघून क्षणभर आनंद झाला, हे कबूल करतो. मग पुढचा विचार आला. २ तारखेला मी ज्याला "झालं" म्हटलं, त्याला बारा दिवसांची मुदत होती, आणि मुदत संपल्यावर ३४ रात्री हे दुकान केंद्राच्या दृष्टीने मुकं होतं. हूटर वाजला असता. वाजलाही. पण हूटर ऐकायला चौकीदार जवळ असावा लागतो.

पॅनेल मुकं होतं पण गप्प नव्हतं, हे यातलं सगळ्यात चमत्कारिक. १५ डिसेंबरच्या सकाळी टेस्ट नाकारली गेली तेव्हाच त्याने लॉगमध्ये ३५४ लिहिलं, म्हणजे निरोप पोचवता आला नाही. पिवळा दिवा लावला आणि पिंप-पिंप करायला लागलं. मुनीमजींनी कीपॅडवरचं चौकटीचं बटण दाबलं, आवाज थांबला. दुसऱ्या सकाळी पुन्हा टेस्ट, पुन्हा नकार, पुन्हा आवाज. मुनीमजी रोज सकाळी दुकान उघडलं की देवाला उदबत्ती लावायचे आणि चौकटीचं बटण दाबायचे. ते म्हणाले, आम्हाला वाटलं वेळ चुकीची आहे म्हणून ओरडतंय, आणि तुम्ही तर हात लावू नका म्हणून सांगितलेलं. गिऱ्हाईक विचारायला लागले, ये पीली लाइट क्या है, म्हणून धाकट्याने टेप लावला.

मी त्यांना काय बोलणार? हात लावू नका हे शब्द माझेच होते. मी घड्याळाबद्दल म्हणालो, त्यांनी सगळ्या पेटीबद्दल ऐकलं. कोणीही तसंच ऐकलं असतं.

केंद्राची बाजूही थोडी सांगायला हवी. रोजची टेस्ट आली नाही तर त्यांच्या पडद्यावर ते अकाउंट उशिराच्या यादीत चढतं. ती यादी बघून मालकाला फोन जायला हवा. पण ते महिने जुन्या फोनच्या अकाउंटांना आयपीवर हलवण्याचे होते, यादी रोज भरलेलीच असायची, आणि भरलेल्या यादीकडे माणूस बघत नाही. मला त्यांच्यावर राग काढायचा हक्क नाही. माझ्याही वहीत त्या दिवशी नऊ दुकानांपुढे बरोबरची खूण होती.

आणि समजा, निरोप पोचला असता तरी? केंद्राच्या कॉल लिस्टमध्ये तात्यांचा पहिला नंबर कोणता होता ते मी विचारलं. तोडून टाकलेली लँडलाइन. दुसरा धाकट्याचा, आणि धाकटा त्या आठवड्यात लग्नाला पुण्याला गेला होता. चौकीदाराने शटरवरचा नंबर वाचला म्हणून तात्या आले.

दुसरा रस्ता म्हणून पॅनेलला सिमचं मोड्यूल होतं. त्याची गोष्ट लहान आणि नेहमीची आहे. मोड्यूल २जीचं. दिवाळीच्या आसपास जुन्या सिमचा रिचार्ज संपला, तेव्हा धाकट्याने घरातलं पडून असलेलं एक सिम त्यात घातलं, अशा कंपनीचं जिचं २जी जाळं कधी नव्हतंच. मोड्यूलला सिम दिसत होतं, जाळं कधीच दिसलं नाही. त्याचा दिवाही त्याच टेपखाली होता.

दुरुस्ती, आणि तिची परीक्षा

डीएनएस भरला, टाइमझोनमध्ये ३३० मिनिटं भरली, एनटीपी चालू केलं. अर्ध्या मिनिटात कीपॅडवर खरी वेळ आली. इथे एक सांगून ठेवतो: पॅनेल घेताना टाइमझोनचा खाना मिनिटांचा आहे की फक्त पूर्ण तासांचा, ते आधी बघा. आपली वेळ अर्ध्या तासावर अडलेली आहे, आणि पाच किंवा सहा यातलं एक निवडा म्हणणाऱ्या पेटीला इंदुरात काही अर्थ नाही.

तात्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना माझा शब्द आता पुरणार नव्हता, आणि बरोबरच होतं. म्हणून मी एनटीपी मुद्दाम बंद केलं, घड्याळ तीस सेकंद पुढे ढकललं आणि टेस्ट पाठवली. नकार. पंधरा सेकंद पुढे ठेवून पाठवली, गेली. तात्यांनी विचारलं, "म्हणजे पंधरा सेकंदांनी दुकान वाचतं आणि तीस सेकंदांनी बुडतं?" मी म्हणालो, हो. "मग हे मला डिसेंबरात का नाही सांगितलंस?" याला उत्तर नव्हतं. एनटीपी पुन्हा चालू केलं.

मोठा बदल ठोक्याचा. डीसी-०९ मध्ये पॅनेल काही घडलं नसतानाही ठरावीक वेळाने रिकामा निरोप पाठवू शकतं, नुसतं "आहे" म्हणायला. डेटा वाचवायला मी तो शून्यावर ठेवला होता, म्हणजे बंद. आता दर पाच मिनिटांनी. दिवसाला २८८ ठोके, एकेक काहीशे बाइटचा. व्हॉट्सअॅपवरच्या एका सुप्रभाताच्या चित्रात असे कितीतरी बसतील. केंद्राशी ठरलं की ओळीने तीन ठोके चुकले तर यादीबिदी नाही, सरळ फोन. हाच ठोका डिसेंबरात चालू असता, तर वीस सेकंदांची सूट संपली त्या दिवशी पंधरा मिनिटांत तात्यांचा फोन वाजला असता. रोजची टेस्टही ठेवली, सकाळी साडेसातलाच. एक चुकली तरी चोवीस तास कळत नाही, एवढ्यासाठी ती एकटी पुरत नाही.

सिमचं मोड्यूल काढून ४जीचं लावलं आणि त्यात एम२एम सिम घातलं, यंत्रांसाठी असतं ते, ज्याचे नंबर २०१८ पासून तेरा आकडी झाले. हे सिम ठरवून दिलेल्या क्रमांकांशी आणि पत्त्यांशीच बोलतं, आणि घरातल्या कोणाला ते काढून आपल्या मोबाइलमध्ये घालायचा मोह होत नाही. माझ्या मते त्याचा दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोठा आहे. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस दिला. पॅनेलला स्वतःची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी आहेच, पण पॅनेल जागं आणि राउटर झोपलेला, अशी रात्र काय कामाची? कॉल लिस्ट बदलली: तात्या, पुतण्या, धाकटा, आणि चौथे मुनीमजी. चौथं नाव तात्यांनी स्वतः सांगितलं, मुनीमजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

परीक्षा मात्र दिवसा घेतली नाही. शनिवारी रात्री साडेदहाला घेतली, कारण सराफ्यात मोबाइलच्या टॉवरवर सगळ्यात जास्त ताण त्या वेळी असतो. ओट्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती, दर दुसरा माणूस जलेब्याचा व्हिडिओ काढून कुणाला तरी पाठवत होता. मी आधी हूटरची वायर सोडली, नाही तर चेंगराचेंगरी झाली असती. पुतण्याने मेन स्विच पाडला, मी फायबर उपटलं, आणि हॉलमध्ये हात हलवला. केंद्राचा फोन लावून ठेवलाच होता. दुपारी हाच निरोप सिमवरून सहा सेकंदांत गेला होता. आता दहा सेकंद झाले, वीस झाले. तात्या घड्याळाकडे बघत होते, मुनीमजी माझ्याकडे. बेचाळिसाव्या सेकंदाला तिकडून आवाज आला: "घरफोडी, झोन तीन, ४१२७." आणि पुढच्याच मिनिटाला तात्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी तो समोर उभ्या असलेल्या माझ्यापासून थोडं वळून, अगदी गंभीरपणे घेतला आणि स्वतःचा परवलीचा शब्द सांगितला.

बेचाळीस सेकंद मला जास्त वाटतात. फायबर असताना सहा-सात लागतात. पण फायबर आणि लाइट दोन्ही नसताना, शनिवारच्या सराफ्यात, मी ते मान्य केलं आणि वहीत तसं लिहिलं.

काळा टेप मुनीमजींनी नखाने काढला. गोंदाचा डाग अजून आहे. कपाट हातभर सरकवलं, पीआयआर थोडा वर घेतला, आणि ओट्यावरच्या गराडूवाल्याला सांगितलं की उरलंसुरलं शटरच्या फटीपाशी टाकत जाऊ नकोस. या भेटीचे पैसे मी घेतले नाहीत. मोड्यूलचे घेतले, तात्यांनी घासाघीस करून दोनशे कमी दिले.

राहिली ती दुसरी आठ दुकानं. २ डिसेंबरला त्याच हाताने, त्याच घाईत, तीच युक्ती मी सगळीकडे केली होती. रविवारी सकाळी नऊपासून निघालो. पहिली सहा मुकी निघाली, काहींची घड्याळं पुढे पळालेली, काहींची मागे पडलेली. एकाच्या कीपॅडवर तात्यांसारखाच टेप होता, फक्त पांढरा. सातव्याचं घड्याळ नशिबाने जवळजवळ बरोबर होतं. आठवं चांदीच्या भांड्यांचं, गल्लीच्या टोकाला. मोबाइल शेजारी धरून मोजलं तर एकतीस सेकंद मागे. केंद्राला विचारलं, त्यांच्याकडे त्या सकाळची टेस्ट आलेली होती. मागे पडायची सूट चाळीसची. अजून नऊ सेकंद शिल्लक होते.